डेटा लायब्ररीतला न वापरलेला पार्सिंग कोड कसा काढायचा: नव्या योगदानकर्त्यांसाठी

ओपन सोर्समध्ये उतरणाऱ्या बहुतेकांना पहिल्याच फटक्यात काहीतरी नवं लिहावंसं वाटतं. माझं सांगणं उलट आहे: आधी काहीतरी काढा. डेटा ॲनालिसिसच्या कुठल्याही जुन्या लायब्ररीत, विशेषतः फाइल वाचणाऱ्या पार्सिंगच्या भागात, आता कुणीच वापरत नाही असा कोड हमखास पडून असतो. तो काढायचा तर आधी तो कोण कॉल करतं, कधी लिहिला गेला, का लिहिला गेला, हे सगळं वाचावं लागतं. नव्या माणसाला लायब्ररी आतून समजायला याहून चांगला रस्ता मला माहीत नाही.

उदाहरणासाठी पांडाज घेतो. वेस मॅकिनी यांनी २००८ मध्ये सुरू केलेली ही पायथन लायब्ररी आज इतकी पसरली आहे की तिच्यातली एक ओळ काढतानाही हात जपून चालवावा लागतो. पण खालच्या पायऱ्या दुसऱ्या लायब्रऱ्यांनाही तशाच लागू पडतात. एक सूचना आधीच: फंक्शनांची, फाइलींची आणि आज्ञांची नावं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये आणि शोधात ती मूळ रोमन स्पेलिंगनेच टाइप करायची.

अडगळ साचते कशी

सीएसव्ही फाइल वाचणाऱ्या ‘रीड_सीएसव्ही’ला एकेकाळी ‘एरर_बॅड_लाइन्स’ आणि ‘वॉर्न_बॅड_लाइन्स’ असे दोन पॅरामीटर होते. आवृत्ती १.३ मध्ये, २०२१ साली, त्या दोघांच्या जागी ‘ऑन_बॅड_लाइन्स’ आला आणि जुने दोन ‘डेप्रिकेट’ झाले, म्हणजे चालत राहिले पण वापरणाऱ्याला इशारा देऊ लागले. एप्रिल २०२३ मध्ये २.० आली तेव्हा ते गेले. ‘स्क्वीझ’ आणि ‘प्रीफिक्स’ यांचंही तेच झालं: १.४ मध्ये इशारा, २.० मध्ये निरोप.

अडगळ होते ती या निरोपाच्या वेळी. पॅरामीटर हा वरचा दरवाजा असतो. त्याच्यामागे पायथनमधला वाचक वर्ग, त्याच्यामागे इंजिनाचं वेष्टण, त्याखाली सायथन (पायथनसारखी लिहायची आणि सी मध्ये रूपांतर होणारी भाषा) आणि अगदी तळाशी सी भाषेतला टोकनायझर (मजकुराचे तुकडे पाडणारा भाग), असे मजले असतात. दरवाजा बुजवणारा माणूस दोन मजले साफ करतो आणि खालच्या मजल्यावरची एखादी खोली तशीच राहते. तिच्यात कुणी जात नाही, पण ती दर वेळी कंपाइल होते, वाचणाऱ्याला चकवते, आणि कुणीतरी मन लावून तिच्यात टाइप ॲनोटेशन भरत बसतं. हा शेवटचा प्रकार मला सगळ्यात जास्त खुपतो. स्वयंसेवकाची एक अख्खी संध्याकाळ अशा ओळींवर जाते ज्या कधी चालणारच नाहीत.

दुसरं कारण म्हणजे वागणूकच बदलणं. २.० च्या आधी तारखा ओळखताना पांडाज प्रत्येक मूल्याचा अंदाज स्वतंत्र बांधत असे. एकाच स्तंभात ‘१२-०१-२०००’ असेल तर महिना आधी मानून तो १ डिसेंबर धरला जाई आणि खालचा ‘१३-०१-२०००’ मात्र १३ जानेवारी, कारण तेरावा महिना नसतो. पीडीइपी-४ या प्रस्तावानंतर २.० पासून पहिल्या रिकाम्या नसलेल्या मूल्यावरून स्वरूप ठरतं आणि तेच सगळ्या स्तंभाला लागतं. त्यामुळे ‘इन्फर_डेटटाइम_फॉर्मॅट’ या पर्यायाला अर्थच उरला नाही. असा मोठा बदल झाला की जुन्या अंदाजबांधणीसाठी लिहिलेली छोटी मदतनीस फंक्शनं पोरकी होतात.

तिसरं कारण जुन्या भाषेचा आधार सोडणं. पायथन २ चालवणारी शेवटची मालिका ०.२४ होती. पायथन २ साठी कोडमध्ये ठेवलेली वळणं शोधायला सोपी होती आणि बहुतेक साफ झाली आहेत.

पहिली पायरी: इमारत ओळखून घ्या

काहीही शोधण्याआधी एक तास फक्त वाचण्यात घालवा. ‘पांडाज/आयओ/पार्सर्स’ या फोल्डरमध्ये ‘रीडर्स’, ‘बेस_पार्सर’, ‘सी_पार्सर_रॅपर’, ‘पायथन_पार्सर’ आणि ‘ॲरो_पार्सर_रॅपर’ अशा फाइली आहेत. सी इंजिनाचा सायथन भाग ‘पांडाज/_लिब्स/पार्सर्स’ या पीवायएक्स फाइलीत आहे आणि तळाचा ‘टोकनायझर’ सी फाइलीत. तारखांचं पार्सिंग वेगळ्या घरात, ‘_लिब्स/टीएसलिब्स’ मधल्या ‘पार्सिंग’ आणि ‘स्ट्रपटाइम’ या फाइलींत. ‘रीड_सीएसव्ही’ला सी, पायथन आणि पायॲरो (ही बाहेरची वेगळी लायब्ररी) अशी तीन इंजिनं निवडता येतात. पायॲरोचं इंजिन १.४ मध्ये, जानेवारी २०२२ ला आलं. ही तीन नावं डोक्यात पक्की असू द्या, कारण एका इंजिनासाठी निरुपयोगी ठरलेला कोड दुसऱ्याचा आधार असू शकतो.

मग लायब्ररी स्वतःच्या मशीनवर सोर्समधून बांधा. आवृत्ती २.१ पासून पांडाजची बांधणी मेसन या साधनावर होते. पिपने ‘एडिटेबल’ पद्धतीने, बिल्ड आयसोलेशन बंद ठेवून ती बसवली की सी किंवा सायथन फाइलीत बदल केल्यावर पुढच्या इम्पोर्टला तेवढाच भाग आपोआप पुन्हा बांधला जातो. बदल करण्याआधी पार्सरच्या टेस्ट एकदा चालवून बघा. आधीपासून काय पडतं आहे हे माहीत नसेल तर नंतर स्वतःवर उगाच संशय येतो.

दुसरी पायरी: संशयित गोळा करा

इथे साधनं मदत करतात, पण निकाल देत नाहीत. व्हल्चर हे साधन पायथन कोड वाचून न वापरलेली नावं दाखवतं आणि प्रत्येकासमोर खात्रीची टक्केवारी लिहितं. कधीच न पोहोचता येणाऱ्या ओळीला १००, न वापरलेल्या इम्पोर्टला ९०, आणि फंक्शन किंवा वर्गाला फक्त ६०. हा ६० चा आकडा गंभीरपणे घ्या. फंक्शन वापरात नाही असं व्हल्चर म्हणतं तेव्हा त्याचा अर्थ एवढाच की त्याने वाचलेल्या पायथन फाइलींत ते नाव पुन्हा दिसलं नाही. सायथनच्या पीवायएक्स फाइली त्याला वाचताच येत नाहीत. म्हणजे फक्त सायथनमधून कॉल होणारं पायथन फंक्शन त्याच्या यादीत निरपराध असून येणार, आणि सायथनमध्येच लिहिलेलं खरोखरचं पोरकं फंक्शन यादीत येणारच नाही.

कोड तपासणाऱ्या रफ या साधनाचे एफ४०१ (न वापरलेली इम्पोर्ट) आणि एफ८४१ (न वापरलेलं स्थानिक व्हेरिएबल) हे नियम छोट्या गोष्टी पकडतात. त्या बहुतेक आधीच साफ असतात, कारण प्री-कमिट (बदल नोंदवण्याआधी आपोआप चालणारी तपासणी) त्या वाटेवरच अडवतं.

कव्हरेज, म्हणजे टेस्ट चालताना कोडच्या कुठल्या ओळी चालल्या ते, मोजायलाही हरकत नाही, पण ते दोन्ही बाजूंनी फसवतं. शून्य कव्हरेज म्हणजे वापर शून्य असं नव्हे; कदाचित त्या वाटेची टेस्टच कुणी लिहिली नसेल. आणि पूर्ण कव्हरेज म्हणजे वापर आहे असंही नव्हे, कारण त्या फंक्शनला कॉल करणारी एकमेव जागा त्याची स्वतःची टेस्ट असू शकते. शिवाय सायथनचं कव्हरेज लाइनट्रेस चालू करून वेगळं बांधल्याशिवाय मिळत नाही आणि सी फाइलीसाठी जीकॉव्ह हे वेगळं साधन लागतं. नव्या माणसाने सुरुवातीला या फंदात पडू नये.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती यांतली कुठलीच नाही. अलीकडे कुठले जुने पर्याय काढले गेले त्या पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घेण्याच्या विनंत्या) उघडा. काय काढलं ते वाचा आणि प्रत्येक काढलेल्या ओळीने पूर्वी कुणाला कॉल केलं होतं ते टिपून ठेवा. त्या यादीतली नावं आज कोण वापरतं ते बघा. संशयित तिथेच सापडतात, आणि ‘हे का पडून आहे’ याची गोष्टही सोबत मिळते.

तिसरी पायरी: आरोप सिद्ध करा

‘हा कोड वापरात नाही’ हे एक विधान आहे, आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची. या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या.

सुरुवात ‘गिट ग्रेप’ने, म्हणजे गिटच्या शोधाच्या आज्ञेने. संपूर्ण रेपोत (प्रकल्पाच्या सगळ्या फाइलींत) शोधा, एकट्या फोल्डरमध्ये नव्हे. आणि नावापुढे कंस लावून शोधू नका. नुसतं नाव शोधा. कारण पार्सरमध्ये फंक्शन नेहमी कॉल केलं जात नाही, पुष्कळदा ते नुसतं सोपवलं जातं.

याचं उत्तम उदाहरण आकडे वाचणारं ‘एक्सस्ट्रटॉड’. टोकनायझरमधलं हे सी फंक्शन मजकुराचा दशांश आकडा करतं. कंसासकट शोधलंत तर त्याची व्याख्या आणि घोषणा सापडेल आणि वाटेल की हे तर अनाथ आहे. प्रत्यक्षात सायथनच्या बाजूला ‘डबल_कन्व्हर्टर’ नावाच्या पॉइंटरमध्ये (फंक्शनचा पत्ता धरणाऱ्या जागेत) ते ठेवलं जातं. ‘फ्लोट_प्रिसिजन’ या पर्यायाला ‘राउंड_ट्रिप’ दिलं तर एक फंक्शन, ‘हाय’ दिलं किंवा काहीच दिलं नाही तर ‘प्रिसाइज_एक्सस्ट्रटॉड’, आणि ‘लेगसी’ दिलं तर हे जुनं ‘एक्सस्ट्रटॉड’. आवृत्ती १.२ पासून न सांगता मिळणारं फंक्शन बदललं, त्यामुळे रोजच्या वापरात जुन्याच्या वाटेला कुणी फारसं जात नाही. पण ‘लेगसी’ हा जाहीर पर्याय आहे. जुने निकाल शेवटच्या अंकापर्यंत तसेच यावेत म्हणून कुणीतरी तो लिहून ठेवला असेल. ते फंक्शन जुनं आहे, कमी वापरातलं आहे, आणि तरीही जिवंत आहे. जुनं आणि मेलेलं यांत गल्लत करू नका.

दुसरा सापळा याहून खोल आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. ‘डेलिम_व्हाइटस्पेस’ हा ‘रीड_सीएसव्ही’चा पर्याय २.२ मध्ये डेप्रिकेट झाला. त्याऐवजी विभाजक म्हणून बॅकस्लॅश-एस-प्लस (एक किंवा अधिक मोकळ्या जागा) हा रेग्युलर एक्सप्रेशन द्या असं सांगितलं गेलं. नवख्याला साहजिकच वाटतं: वरचा पर्याय गेला की टोकनायझरमधला त्याच नावाचा ध्वज (चालू-बंद करायची खूण) आणि मोकळ्या जागा गिळणाऱ्या त्याच्या फांद्याही काढाव्यात. आता ‘रीडर्स’ फाइलीत पर्याय साफसूफ करणारा भाग वाचा. विभाजक नेमका बॅकस्लॅश-एस-प्लस असेल तर तिथे तो काढून आतल्या आत ‘डेलिम_व्हाइटस्पेस’ हा ध्वज चालू केला जातो. एकापेक्षा जास्त अक्षरांचा बाकी कुठलाही विभाजक दिला तर काम हळू पायथन इंजिनाकडे जातं; या एकट्याला सी इंजिनाची गती मिळते ती ह्याच आतल्या वाटेमुळे. म्हणजे दरवाजावरची पाटी बदलली, खोली मात्र माणसांनी भरलेली आहे. वरचं नाव गेलं म्हणजे आतलं काम गेलं असं कधीही धरू नका.

टोकनायझर मुळात एक स्टेट मशीन आहे: ओळीची सुरुवात, स्तंभाची सुरुवात, अवतरणचिन्हाच्या आत, कॅरेज रिटर्ननंतर, टिप्पणी गिळताना, अशा अवस्था. त्यांतली एखादी अवस्था तुमच्या सगळ्या नमुना फाइलींत कधीच येणार नाही, कारण तुमच्या फाइलींत विंडोजच्या पद्धतीचे ओळअंत नाहीत किंवा अवतरणात अवतरण नाही. जगातल्या सीएसव्ही फाइली मात्र वाटेल तशा असतात. अवस्थेला हात लावण्याआधी ती कुठल्या अक्षरावर सुरू होते हे कागदावर मांडा. तसं अक्षर फाइलीत येऊच शकत नाही असं दाखवता आलं तरच पुढे जा.

यांखेरीज तपासायच्या जागा भराभर सांगतो. ‘गेटॲट्र’ने किंवा डिक्शनरीतून नावाने उचललेली फंक्शनं: नावाचा अर्धा भागच शोधा, कारण उरलेला अर्धा चालताना जोडला जात असेल. पीएक्सडी फाइली, ज्यांतून एक सायथन फाइल दुसऱ्याचं फंक्शन घेते. पीवायआय फाइली, ज्यांत टाइपची घोषणा असते. सी मधले ‘इफडेफ’चे तुकडे, जे तुमच्या मशीनवर कंपाइलच होत नाहीत पण विंडोजवर होतात. दस्तऐवजांतली उदाहरणं. आणि ‘एएसव्ही_बेंच’ फोल्डर, ज्यात गती मोजणाऱ्या चाचण्या असतात.

या शेवटच्या फोल्डरमुळे एक चांगला नमुना सांगता येतो. ‘रीड_सीएसव्ही’ पूर्वी वर्ष, महिना, दिवस असे वेगवेगळे स्तंभ जोडून एक तारीख करून देत असे. ही सोयही २.२ मध्ये, जानेवारी २०२४ ला, डेप्रिकेट झाली. तिच्यासाठी तारखांच्या ‘पार्सिंग’ फाइलीत ‘कॉन्कॅट_डेट_कॉल्स’ नावाचं सायथन फंक्शन होतं (यातलं ‘कॉल्स’ म्हणजे ‘कॉलम्स’, स्तंभ). अशा फंक्शनचा माग काढला तर तो पाच ठिकाणी निघतो: स्वतःची व्याख्या, पीवायआयमधली घोषणा, ‘बेस_पार्सर’मधला खरा कॉल, त्याच्यावर थेट लिहिलेली टेस्ट, आणि बेंचमार्क. सोय काढणाऱ्याने ‘बेस_पार्सर’मधला कॉल काढला की उरलेल्या चारांपैकी एकही खरा वापरकर्ता नसतो. पण ‘गिट ग्रेप’ मात्र चार जागा दाखवतच राहतं आणि घाईतला माणूस म्हणतो, अरे, हे तर वापरात आहे. म्हणून जागा मोजू नका. प्रत्येक जागा उघडा आणि विचारा: इथपर्यंत वापरकर्त्याचा एखादा कॉल पोहोचतो का?

शेवटची खात्री म्हणून एक अगदी साधा प्रयोग करा. संशयित फंक्शनच्या पहिल्या ओळीवर अपवाद फेकायला लावा, लायब्ररी बांधा आणि सगळ्या टेस्ट चालवा. ज्या पडतील त्या वाचा. फक्त त्या फंक्शनची स्वतःची टेस्ट पडली तर तुमची बाजू भक्कम झाली. हा प्रयोग पुरावा वाढवतो, एकटा पुरेसा नाही. वर सांगितलेल्या अवस्थांसारख्या वाटा टेस्टमध्ये नसू शकतात.

चौथी पायरी: इतिहास वाचा

‘गिट ब्लेम’ने शेवटचा हात लावणारा कळतो, पण तो पुष्कळदा फॉरमॅटिंगचा कमिट (नोंदवलेला बदल) असतो. त्याऐवजी ‘गिट लॉग’ला मोठ्या एस अक्षराचा पर्याय द्या आणि पुढे फंक्शनचं नाव. ज्या कमिटमध्ये त्या नावाची संख्या बदलली, तेवढेच कमिट तो दाखवतो. म्हणजे ते कधी जन्मलं, कुठे नवा कॉल जोडला गेला आणि शेवटचा कॉल कधी गेला, हे सगळं एका यादीत. आपल्याला हवा तो शेवटचा कॉल गेल्याचा कमिट. तो सापडला आणि त्याच्या वर्णनातून कळलं की तो मुद्दाम काढला होता, तर काम झालंच. पण कधी उलट निघतं: कॉल चुकून गेला, दुसरंच काही दुरुस्त करताना. मग तुम्हाला अडगळ नव्हे, बग सापडला आहे. तशी नोंद करा आणि काढण्याचा विचार सोडा. असा बग सापडणं हे नव्या माणसाचं मोठं योगदान असतं.

पाचवी पायरी: हे खाजगी आहे का

पांडाजच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलं आहे की ‘पांडाज.कोर’, ‘पांडाज.कॉम्पॅट’ आणि ‘पांडाज.यूटिल’ हे वरच्या पातळीचे मॉड्यूल खाजगी आहेत. अंडरस्कोरने सुरू होणारं ‘_लिब्स’ही तसंच. ‘पांडाज.आयओ’मध्ये मात्र काही जाहीर गोष्टी आहेत, त्यामुळे तिथे नियम नव्हे, दस्तऐवज बघा. त्या फंक्शनचं नाव दस्तऐवजातल्या फंक्शनांच्या यादीत छापलेलं असेल तर ते जाहीर आहे. मग ते थेट काढता येत नाही. आधी डेप्रिकेशनचा इशारा, आणि नंतर एखाद्या मोठ्या आवृत्तीत काढणं. तो वेगळा, लांबचा प्रवास आहे. पहिल्या कामासाठी नको.

नियमाने खाजगी असलेली गोष्टही बाहेरचं कुणी वापरत असू शकतं. डास्क, जिओपांडाज यांसारख्या लायब्रऱ्या पांडाजवर उभ्या आहेत. गिटहबच्या कोडशोधात फंक्शनचं नाव टाकून बघायला पाच मिनिटं लागतात. कुठे सापडलं तर पुल रिक्वेस्टमध्ये लिहा. नियम तुमच्या बाजूचा असला तरी समोरच्याला आधी कळवणं हे चांगल्या शेजाऱ्याचं लक्षण आहे, आणि मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारे) त्या माहितीवरूनच ठरवतात की आत्ता काढायचं की थांबायचं.

सहावी पायरी: काढा, पण टोकाकडून

आधी वरचा, मग त्याने कॉल केलेला, मग त्याच्या खालचा. दर टप्प्याला एक छोटा कमिट. व्याख्या गेली की पीवायआयमधली घोषणा, पीएक्सडीमधली ओळ, बेंचमार्क, आणि आता न लागणाऱ्या इम्पोर्ट. सी मधलं फंक्शन असेल तर हेडर फाइलीतली घोषणाही.

टेस्ट काढताना मात्र थांबा. फंक्शनवर थेट लिहिलेली टेस्ट त्याच्याबरोबर जाते. पण जी टेस्ट ‘रीड_सीएसव्ही’मधून जाते आणि वापरकर्त्याला दिसणारं वागणं तपासते, ती राहिलीच पाहिजे. ती पडत असेल तर तुमचा आरोप खोटा आहे. टेस्ट बदलून किंवा वगळून ती हिरवी करण्याचा मोह झाला तर संगणक बंद करून उद्या या. मी एका प्रकल्पात असंच ‘किरकोळ’ म्हणून एक टेस्ट काढली होती, आणि ती ज्या फाइलींसाठी होती त्या फाइली वाचणाऱ्यांनी पुढच्याच आवृत्तीत तक्रार केली. कमिट मागे घ्यावा लागला.

आणि एक काटेकोर नियम: या पुल रिक्वेस्टमध्ये दुसरं काहीही सुधारू नका. शेजारच्या फंक्शनचं नाव खटकत असेल, जागा वाकडीतिकडी असेल, तरी नाही. तपासणाऱ्याला सगळ्या ओळी लाल दिसल्या पाहिजेत. मधेच चार हिरव्या ओळी आल्या की त्याला प्रत्येक ठिकाणी थांबून विचार करावा लागतो.

सातवी पायरी: बांधा आणि चालवा

सायथन किंवा सी मधून काही काढलं असेल तर जुनी बांधणी पुसून नव्याने बांधा. जुनी ऑब्जेक्ट फाइल (आधी कंपाइल झालेली) शिल्लक राहिली तर सगळं ठीक असल्याचा भास होतो आणि तपासणीच्या सर्व्हरवर मात्र लिंकिंग पडतं. सी मध्ये ‘स्टॅटिक’ फंक्शन पोरकं झालं तर कंपाइलर इशारा देतो. जे स्टॅटिक नाही त्याबद्दल तो गप्प राहतो, कारण बाहेरचं कुणी वापरत असेल असं त्याला धरावं लागतं.

‘पांडाज/टेस्ट्स/आयओ/पार्सर’ मधल्या टेस्ट पायटेस्टने चालवा. तिथे ‘ऑल_पार्सर्स’ नावाचं फिक्स्चर (टेस्टला लागणारी तयारी पुरवणारा भाग) आहे, ज्यामुळे एकच टेस्ट सी इंजिनावर कमी आणि जास्त मेमरी अशा दोन्ही पद्धतींनी, पायथन इंजिनावर आणि पायॲरोवर चालते. पायॲरो तुमच्याकडे बसवलेलं नसेल तर त्या टेस्ट गुपचूप वगळल्या जातात. म्हणून शेवटच्या ओळीत किती वगळल्या तो आकडाही बघा. तारखांचा कोड काढला असेल तर ‘टेस्ट्स/टीएसलिब्स’ही. विंडोज आणि मॅकची काळजी पुल रिक्वेस्टवर आपोआप चालणाऱ्या तपासण्या घेतात; तिथे लाल खूण आली तर ‘माझ्याकडे चालतं’ हे उत्तर नाही.

आठवी पायरी: मांडणी

त्या विषयाचा इश्यू (गिटहबवरची कामाची नोंद) आधीच असेल तर त्यावर ‘टेक’ एवढाच शब्द लिहिला की पांडाजमध्ये तो तुमच्या नावावर होतो. पुल रिक्वेस्टच्या शीर्षकाची सुरुवात ‘सीएलएन’ने करा, कोड साफ करण्याच्या कामासाठी तीच खूण ठरलेली आहे. वर्णनात कोड समजावू नका, पुरावा द्या. असं काहीतरी:

“हे फंक्शन फक्त तारखांचे स्तंभ जोडण्यासाठी वापरलं जात होतं. ती सोय अमुक पुल रिक्वेस्टने काढली, तेव्हा शेवटचा कॉल गेला. आता उरलेले संदर्भ: एक टेस्ट आणि एक बेंचमार्क, दोन्ही यात काढले आहेत. जाहीर दस्तऐवजात नाव नाही. गिटहबवर बाहेरचा वापर सापडला नाही.”

पाच वाक्यं. तपासणारा स्वतःच्या वेळातला वेळ देतो आहे. त्याला प्रत्येक दावा एका मिनिटात पडताळता आला पाहिजे. वापरकर्त्याला काही फरक दिसणार नसेल तर ‘व्हॉट्सन्यू’ (नव्या आवृत्तीतल्या बदलांची यादी) मध्ये नोंदीची गरज सहसा नसते.

मेंटेनर नाही म्हणाले तर कारण नीट वाचा. बरेचदा त्यांना एखादी वाट ठाऊक असते जी तुम्हाला दिसली नाही, किंवा त्या कोडवर कुणाची अर्धवट पुल रिक्वेस्ट उघडी असते. अशा वेळी त्या फंक्शनशेजारी ते का ठेवलं आहे हे सांगणारी एक ओळीची टिप्पणी जोडायची परवानगी मागा. पुढचा माणूस त्याच वाटेने येणारच आहे, आणि त्याचा दिवस वाचेल.

हो म्हणाले आणि कोड मुख्य शाखेत गेला, तर रेपो ताजा करा आणि दुसऱ्या पायरीपासून पुन्हा बघा. एक फंक्शन गेलं की त्याने कॉल केलेली पोरकी होतात. ‘कॉन्कॅट_डेट_कॉल्स’ तुकडे जोडण्याआधी प्रत्येकाचा मजकूर करून घेण्यासाठी ‘कन्व्हर्ट_टू_युनिकोड’ नावाच्या छोट्या फंक्शनची मदत घेत असे. ते ‘सीडेफ’ होतं, म्हणजे पायथनमधून दिसतच नसे, आणि व्हल्चरच्या यादीतही आलं नसतं. असं फंक्शन हातानेच शोधावं लागतं.